सेला म्हणजे ‘थांबा आणि मनन करा’? एवढं सोपं नाहीये ते

बायबलमधली स्तोत्रं वाचताना मधेच ‘सेला’ येतं आणि बहुतेक जण ते तसंच वाचून किंवा गाळून पुढे जातात. मग कधीतरी सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेला मेसेज येतो की सेला या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘थांबा आणि यावर मनन करा’. मनन करा ना, कोण नको म्हणतंय, पण इतक्या ठामपणे अर्थ सांगायचा म्हणजे जरा जास्तच होतं, कारण या शब्दाचा पक्का अर्थ आज हिब्रूच्या पंडितांनाही सांगता येत नाही आणि जुन्या काळातल्या भाषांतरकारांचंही त्यावर एकमत नव्हतं.

माझं म्हणणं असं की अर्थ शोधत बसण्याआधी हा शब्द कुठे कुठे येतो ते बघा. हिब्रू स्तोत्रसंहितेत तो ७१ वेळा आहे, ३९ स्तोत्रांमध्ये, आणि बाहेर फक्त हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३ऱ्या अध्यायात ३ वेळा. बास. नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत नाही, नीतिसूत्रांत नाही, बाकीच्या इतक्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांत कुठे नाही. आता त्या ३९ पैकी ३१ स्तोत्रांच्या डोक्यावर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना आहे. आणि हबक्कूकचा तो अध्याय? तो म्हणजे एक गायची प्रार्थनाच आहे, त्याच्या शेवटच्या ओळीत मुख्य गवई आणि तंतुवाद्यं दोन्ही येतात. म्हणजे जिथे गाणं-वाजवणं तिथे सेला. ९व्या स्तोत्रात तर ‘हिग्गायोन, सेला’ अशी जोडीच आहे, आणि हे हिग्गायोन ९२व्या स्तोत्रात वीणेच्या आवाजाबद्दल वापरलंय. आता एवढं सगळं समोर असताना ही वाजवणाऱ्यांसाठी किंवा गाणाऱ्यांसाठी लिहिलेली खूण असावी असं मला तरी वाटतं. आपल्या भजनाच्या पुस्तकात ओळीच्या शेवटी ‘॥ध्रु॥’ छापलेलं असतं, ते काय कुणी गात नाही, पण गाणाऱ्याला बरोबर कळतं काय करायचं ते. तसंच काहीसं.

४६वं स्तोत्र काढून बघा, ‘देव आमचा आश्रय’ वालं. त्यात सेला तीनदा आहे. पहिला येतो समुद्र खवळतो, डोंगर हादरतात त्याच्यानंतर. दुसरा आणि तिसरा येतो ‘सेनाधीश परमेश्वर आमच्याबरोबर आहे’ या ओळीनंतर, जी दोन्ही वेळा जशीच्या तशी आहे, म्हणजे धृपदच. मग काही अभ्यासक म्हणतात की पहिल्या सेलाच्या आधीसुद्धा हे धृपद असणार, नकला करताना कधीतरी गळलं असेल. पुरावा म्हणून तसं हातात काही नाही, पण एकदा ते तिथे घालून मोठ्याने वाचून बघा, कडवी कशी सरळ तीन पडतात.

आता ‘थांबा’ वाल्या अर्थाची पंचाईत कुठे होते, तर ६७व्या स्तोत्रात. देवाने आमच्यावर दया करावी, आपला मुखप्रकाश आमच्यावर पाडावा, सेला, यासाठी की पृथ्वीवर तुझा मार्ग कळावा. वाक्य अर्धवट आहे हो! ५५व्या आणि ६८व्या स्तोत्रातही तो असाच वाक्याच्या पोटात शिरलाय. वाचणारा तिथे थांबून मनन करायला लागला तर कशावर करणार, वाक्य तर पूर्ण होऊ दे. मधे वाद्यं वाजली आणि मग पुढची ओळ उचलली असं म्हटलं तर मात्र फारसं अडत नाही.

जुन्या ग्रीक भाषांतराने, म्हणजे सेप्टुअजिंटने, इथे ‘दियाप्साल्मा’ असा शब्द टाकला, त्यात गाण्याच्या मधला काहीतरी भाग असा सूर आहे. पण यहुदी परंपरेने दुसराच रस्ता धरला: सेला म्हणजे सर्वकाळ, कायम. तारगुममध्ये, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या अरामी भाषांतरात, तसंच आहे, जेरोम या जुन्या भाषांतरकाराने हिब्रूवरून स्तोत्रांचं लॅटिन भाषांतर केलं त्यातही ‘सेम्पेर’ म्हणजे नेहमी असंच आहे. आणि सगळ्यात मजा म्हणजे बाबिलोनी तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या एरुविन या भागात स्पष्ट म्हटलंय की जिथे नेत्साख, सेला किंवा वाएद हे शब्द येतात तिथे ती गोष्ट कधीच थांबत नाही. दाखला दिलाय ४८व्या स्तोत्राचा, देव आपलं नगर सर्वकाळ टिकवील, सेला. म्हणजे मेसेज म्हणतो थांबा आणि तालमूद म्हणतो थांबणं नाहीच! यहुदी प्रार्थनांमध्ये आजही ‘आमेन, सेला’ म्हणतात ते याच अर्थाने.

सेला हा शब्द कोणत्या धातूवरून आला असेल, ते थोडक्यात सांगतो. एक ‘सालाल’, म्हणजे वर उचलणं, रस्ता भर घालून उंच करणं, यशयाच्या पुस्तकात महामार्ग तयार करा म्हणतात तिथे तोच आहे. मग उचलायचं काय, आवाज की वाद्यांचा सूर, त्यावर भांडणं आहेतच. दुसरा धातू ईयोबच्या पुस्तकात २८व्या अध्यायात ज्ञानाची किंमत सोन्याने होत नाही म्हटलंय तिथला, मोल करणं किंवा तोलणं असा, आणि त्यावरूनच ‘मनात तोलून बघा’ हा अर्थ काढतात. तो मला सगळ्यात ओढूनताणून आणलेला वाटतो. आणि बायबलमधल्या अदोम देशातलं सेला हे गाव पूर्णपणे वेगळं बरं का, त्याचा अर्थ खडक, हिब्रूत त्याचं शेवटचं अक्षर ‘आयिन’ आहे आणि आपल्या सेलाचं ‘हे’ नावाचं अक्षर. मराठीत दोन्ही सारखेच दिसतात म्हणून ‘सेला म्हणजे देव माझा खडक’ असंही ऐकायला मिळतं, ते सोडून द्या.

आणखी एक, ज्याकडे फार कुणी बघत नाही. ८९व्या स्तोत्रात सेला चारदा आहे आणि मग ९० पासून १३९ पर्यंत एकदाही नाही, एकदम १४०मध्ये तीनदा आणि १४३मध्ये एकदा. संपलं. स्तोत्रसंहिता पाच भागांत आहे, त्यातल्या चौथ्या भागात हा शब्दच नाही. त्यामुळे वेगवेगळे संग्रह नंतर एकत्र केले आणि काहींवरच गवयांच्या खुणा शिल्लक होत्या हे म्हणणं मला पटतं.

मग मोठ्याने वाचताना सेला म्हणायचं का? मी म्हणत नाही. पण म्हणून छापतानाच तो काढून टाकणं हे काही बरोबर नाही, जेरोमच्या आधीच्या लॅटिन प्रतींपासून लोक त्याच्याशी झगडतायत, तर वाचणाऱ्याला निदान दिसू तरी द्या की इथे काहीतरी होतं. स्तोत्राला चाल लावणाऱ्याने मात्र तिथे खुशाल पेटी वाजवावी, जितकी हवी तितकी.