बोका ओट्यावरचं पळवतो, मग तुम्ही करता तरी काय?

जेवायला आलेला पाहुणा हे विचारल्याशिवाय हात धुवत नाही. फोनवरूनही विचारणारे असतात. त्यांच्याकडे नुकतंच मांजर आलेलं असतं आणि पहिला बांगडा गेलेला असतो. "तुमचा भिकू सगळं पळवतो म्हणे. तुम्ही ओरडत नाही? एखादा फटका देत नाही? करता तरी काय?" मी बहुधा हसून भात वाढायला घेते, कारण खरं उत्तर दोन घासांमध्ये मावणारं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सांगते.

भिकूला मी काहीच करत नाही. बंदोबस्त करायचा तो ओट्याचा, झाकणांचा आणि घरातल्या माणसांचा. यातली माणसं सगळ्यात अवघड.

श्राद्धाच्या मांजराची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. घरातलं मांजर खिरीत तोंड घालू नये म्हणून आजोबा श्राद्धाच्या दिवशी त्याला टोपलीखाली झाकून ठेवायचे. पुढे नातवाकडे मांजर नव्हतं, तर त्याने शेजारून मागून आणलं आणि टोपलीखाली घातलं, विधी चुकायला नको म्हणून. गोष्ट सांगणारे नातवाला हसतात आणि थांबतात. मला मात्र तो आजोबा फार शहाणा वाटतो. खीर उकळायच्या आधीच त्याने व्यवस्था केली होती. मांजराच्या पाठीवर पळी मारत बसला नाही.

आपली जुनी स्वयंपाकघरं अशीच विचारपूर्वक लावलेली असत. दुधाला जाळीचं कपाट, लोण्याला शिंकं, पातेल्यावर ताट आणि ताटावर वरवंटा. (गोकुळातही शिंकी होती, आणि तिथला चोर तर चार पायांचा नव्हता.) शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं, असं आपण म्हणतो. यात तुटलं ते शिंकं, बोक्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही. आता आपण फ्लॅटमध्ये लांबलचक ग्रॅनाइटचा ओटा केला, जाळीचं कपाट भंगारात दिलं, तळलेले तुकडे तेल निथळायला कागदावर उघडे टाकले आणि मोबाइल वाजला म्हणून बाहेर गेलो. मग शिव्या बोक्याला.

आता तो हे का करतो ते. मांजराचं पोट छोटं आणि खाण्याची रीत थोडं थोडं, दिवसभर. बाहेर शिकारीवर जगणारं मांजर दिवसातून कितीतरी वेळा खातं. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात आणि चार-पाच किलोच्या मांजराला दिवसाला २०० ते २५० लागतात, म्हणजे सात-आठ उंदरांचा हिशेब झाला. आपण मात्र आपल्या सोयीने सकाळी एकदा आणि रात्री एकदा वाटी ठेवतो. मधले दहा-बारा तास तो काय करणार? त्यातून नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असेल तर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. म्हणजे हिंडतो कमी, मागतो जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या वाटीत काय असतं. मराठी घरात मांजराचं जेवण म्हणजे दूध-पोळी किंवा दूध-भात. प्रेमाने कालवलेला असतो, पण मांजराच्या दृष्टीने तो उपासच. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला लागतो आणि त्याचं शरीर तो पुरेसा तयार करू शकत नाही, तो मांसामाशातूनच यावा लागतो. टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ साली उघड झालं. हृदय ताणून दुबळं होतं हे १९८७ साली, आणि तेव्हा तर तयार खाद्यातलंच टॉरिन कमी पडत होतं म्हणून उत्पादकांना ते वाढवावं लागलं. आमच्या आजोळी मांजरं दूध-भातावर जगायची असं सासूबाई सांगतात. जगायची, कारण माळ्यावर उंदीर होते आणि दूध-भात वरकड होता. ठाण्यात सातव्या मजल्यावर उंदीर कुठून आणायचा? दूध-भातावर ठेवलेलं मांजर तुमच्या सुरमईवर झडप घालणार नाही तर कोण घालणार? शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचतही नाही, पोट बिघडतं.

माशाचं वेड मात्र पोट भरलेलं असलं तरी असतं. मांजराच्या जिभेवर उमामी, म्हणजे मांसल चव ओळखणारी यंत्रणा असते आणि ट्यूनातल्या विशिष्ट घटकांच्या जोडीवर ती जोरात चेतते, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. ट्यूना म्हणजे आपला कुपा. बांगडा आणि सुरमई त्याच्याच कुळातले. शिवाय मांजराला अन्न ताज्या शिकारीइतकं कोमट आवडतं आणि कोमट झालं की वासही जास्त सुटतो. तव्यावरून काढून पाच-दहा मिनिटं झालेला बांगडा म्हणजे त्याच्या लेखी नुकती मारलेली शिकारच. तुम्ही ती थंड व्हायला ठेवलेली असते आणि तो ती कोमट व्हायची वाट बघत असतो.

सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्याकडे माशांचे नाहीत. भिकूला वारांचं सोयरसुतक नाही. त्या दिवशी तो सायीचं दही गाठतो, आणि पाडव्याला श्रीखंड. सासूबाईंचं ठाम मत होतं की याला गोडाची आवड. तर मांजराला गोड कळतच नाही. गोड चव टिपायला जी दोन जनुकं लागतात त्यातलं एक मांजरांमध्ये निकामी आहे. वाघ आणि चित्त्यातही तसंच आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. तेव्हा भिकू चाटतो तो चक्का आणि त्यातली चरबी. साखर, वेलची, केशर, सगळं त्याच्या दृष्टीने वाया. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि "मग मेल्याला बिनसाखरेचं देऊ का?" म्हणाल्या.

इथे माणसांचा प्रश्न येतो. ज्या घरात मांजर ताटाशी घुटमळतं त्या घरात एक तरी फितूर असतो. आमच्याकडे अप्पा, म्हणजे माझे सासरे. जेवताना त्यांचा डावा हात टेबलाखाली जातो आणि चेहरा अगदी निर्विकार. विचारलं तर "मी कुठे काय?" रोज दिलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते कधी देतात, कधी देत नाहीत, आणि घोटाळा नेमका त्यातच आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की बक्षीस अधूनमधून, बेभरवशाचं मिळालं की सवय सगळ्यात चिवट होते. मटका लावणारा माणूस रोज जिंकत असता तर इतका खुळावला नसता. भिकूचं तेच. दहा वेळा हाकललं आणि अकराव्या वेळी बोंबलाचा तुकडा मिळाला, की आधीच्या दहा वेळा त्याच्या लेखी फुकट गेलेल्या नसतात. म्हणून घरात ठराव एकच: द्यायचं ते त्याच्या ताटलीत, त्याच्या जागेवर, आपण जेवायला बसायच्या आधी. टेबलाखालून काहीही नाही. अप्पांनी ठराव मान्य केला आहे. पाळतात की नाही यावर माझा डोळा असतो.

मारणं, पाण्याचा फवारा, टाळ्या वाजवणं हे सगळं मला निरुपयोगी वाटतं. फवारा उडतो तेव्हा तुम्ही तिथे असता, म्हणून मांजर एवढंच शिकतं की तुम्ही असताना ओट्यावर जायचं नाही. तुम्ही पार्सल घ्यायला दाराशी गेलात की नियम संपला. मारलंत तर ते तुम्हाला घाबरेल, माशाला घाबरणार नाही. आणि चोरी होऊन गेल्यावर ओरडणं तर केवळ आपल्या समाधानासाठी. तोवर तो खाऊन, तोंड पुसून, सोफ्यावर झोपलेला असतो.

आमची व्यवस्था साधी आहे. त्याचं खाणं दोनऐवजी चार-पाच वेळा विभागलं. काही कोरडे दाणे खोलीत इकडेतिकडे लपवून ठेवते, ते शोधण्यात त्याची दुपार जाते. मासे तळायला घ्यायच्या आधी त्याचं जेवण झालेलं असतं. तळलेले तुकडे थेट रिकाम्या प्रेशर कुकरमध्ये, झाकण नुसतं टेकवून नाही तर लावून. कुकरचं झाकण उघडणारं मांजर अजून मी पाहिलेलं नाही. काटे आणि डोकी उघड्या कचऱ्यात नाहीत, पिशवीची गाठ मारून डीप फ्रीझरात, आणि कचरेवाला आला की बाहेर. ओट्याजवळ एक उंच स्टूल त्याला दिलं आहे. मासे साफ होताना तो तिथून देखरेख करतो आणि स्टुलावर बसून राहिला तर उकडलेला तुकडा मिळतो. त्याला उंचावरून बघायचंच असतं. ती हौस ओट्याशिवाय भागली की निम्मा त्रास जातो. निम्माच हं.

माशाचा तुकडा उकडलेला म्हटलं ते मुद्दाम. बऱ्याच कच्च्या माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते उकडल्यावर नष्ट होतं. आणि नुसत्या माशावरही मांजर ठेवू नये. तो खाऊ, जेवण नव्हे.

लोक चोरीबद्दल विचारतात, पण मला काळजी असते ती त्याने काय चोरलं याची. तुकडा साधा तळलेला असेल तर गेला, आपण पिठलं करू. पण रश्श्यातला असेल तर मी हातातलं काम टाकून त्याच्यामागे धावते. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे, शिजवलेले, पावडर केलेले, सगळे सारखेच वाईट. आपलं वाटण म्हणजे याच दोघांचं राज्य. तुकडा नळाखाली धुऊन दिला तरी उपयोग नाही, रस आत मुरलेला असतो. आणि परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी लालसर किंवा तपकिरी होते, मांजर मलूल होतं. तेव्हा बरंच काही खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. चॉकलेटचंही तसंच. कोंबडीची शिजलेली हाडं टोकदार तुटतात, ती कपाटाआड.

आणखी एक वस्तू कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे दोरा. फुलपुडीचा, गजऱ्याचा, कोंबडी बांधलेला. मांजराची जीभ खरखरीत, तिचे काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक कुठे अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं आणि कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. देवघरातली फुलपुडी सोडली की दोरा गुंडाळून डब्यात, हा आमच्याकडे आता पूजेचाच भाग झालाय. नातवंडं पुढे मांजर नसतानाही करतील कदाचित.

चोरून खाऊन उलट्या होत असतील तर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

आणि जे मांजर वर्षानुवर्षं सज्जन होतं आणि एकाएकी ताटावर तुटून पडायला लागलं, त्याला सवयीचं मांजर समजू नका. पोटात जंत असू शकतात, मधुमेह असू शकतो, दहाच्या पुढच्या वयात थायरॉइड वाढलेलं असू शकतं. खाणं वाढलंय आणि पाठीचा कणा हाताला लागायला लागलाय, अशी जोडी दिसली तर आधी रक्ततपासणी.

राहता राहिला खालच्या मजल्यांवरून येणारा प्रश्न: आमचं मांजर नाही, शेजारचा बोका येतो, त्याचं काय? त्याला हेच सगळं लागू, फक्त त्याच्या जेवणाच्या वेळा तुमच्या हातात नाहीत. खिडकीला जाळी बसवून घ्या, शेजाऱ्यांना ऑपरेशनचं गोड बोलून सुचवा, आणि तो आला की कौतुकाने एक तुकडा टाकायचा मोह आवरा. टाकलात, तर पुढच्या वेळी मला विचारू नका. अप्पांना विचारा.