तिकडे तुला उचलायला कोण असतं?

गावी चोपड्याला फोन लावला की नाना हमखास विचारतात, "बेटा, तिकडे तुला उचलायला कोण असतं?" कोणीच नसतं, नाना. लंडनला आल्यापासून मला कोणी उचललेलं नाही. ही चांगली गोष्ट आहे, हे त्यांना अजून पटत नाही.

त्यांचंही बरोबर आहे. खान्देशात माणसं धावून येतात. जळगावच्या बस स्टँडवर माझी व्हीलचेअर दिसली की चार अनोळखी भाऊ "ताई, थांबा" म्हणत पुढे होतात. दोघं काखेत हात घालतात, दोघं पाय धरतात, तिसऱ्या पायरीवर कोणाचा तरी तोल जातो, आणि मी एसटीत. त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही. पण उचलून घ्यायचं म्हटलं की आधी मनात हिशोब सुरू होतो, की काम तेवढं मोठं आहे का? दवाखाना, लग्न, बँकेतली सही यासाठी माणसं बोलावता येतात. "जरा बाजारात चक्कर मारून येते" यासाठी कोणाला बोलावणार? कॉलेजात असताना अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला. त्यानंतर गावात मी काम नसताना कुठे गेलेच नाही.

इथे जाते. मधल्या दाराशेजारी बसच्या बाहेरच्या अंगाला निळं बटण असतं. ते दाबलं की पीं पीं आवाज सुरू होतो आणि दाराखालून रॅम्प सरकत येऊन फुटपाथवर टेकतो. मी माझी चाकं ढकलत आत जाते, ड्रायव्हरकडे पाठ करून उभ्या गादीला टेकते, ब्रेक लावते. ड्रायव्हर जागचा उठतही नाही. लंडनच्या बसमध्ये व्हीलचेअरवरच्या माणसाला तिकीटही लागत नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत गेले, तिथे काही काम नव्हतं, आणि त्याच नंबरच्या बसने परत आले. खूप रडू आलं त्या दिवशी.

इथेही सगळं आलबेल नाही. भुयारी रेल्वे १८६३ सालापासूनची, २७२ स्टेशनं, आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांशच स्टेशनांवर पायऱ्या टाळून जाता येतं. एकदा कामावरून परतताना लिफ्ट बंद निघाली, तर पुढच्या स्टेशनावर उतरून पावसात दोन बस बदलत घरी पोचले. बसमध्ये व्हीलचेअरची जागा एकच. तिथे बाबागाडी उभी असली की बोलाचाली होतात. असाच एक खटला इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१७ साली निकाल लागला, की ड्रायव्हरने बाबागाडीवाल्यांना जागा सोडायची नुसती विनंती करून गप्प बसायचं नाही.

आणि हे सगळं इथल्या लोकांच्या चांगुलपणाने झालं असं मुळीच नाही. १९९० च्या दशकात अपंग आंदोलकांनी स्वतःला बेड्या घालून बसला बांधून घेतलं, वाहतूक अडवली. १९९५ साली अपंगांशी भेदभाव करण्याविरुद्ध कायदा आला, आणि लंडनच्या जवळपास सगळ्या बस खालच्या फरशीच्या, म्हणजे दारात पायऱ्या नसलेल्या, व्हायला २००५ चं साल संपत आलं.

आपल्याकडेही कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळीकडे जाता-वापरता यावं यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते. ती मला नको असं नाही, पण पूर्ण तिकीट घ्या आणि पायरी खाली आणा, असं मी आनंदाने म्हणेन.

घरांचं तर मला फार वाटतं. आपल्याकडे ओट्याला उतार असतोच, मोटारसायकल चढवायला! उतार बांधायची सवय आहे, जागा आहे, गवंड्याला काम येतं. फक्त तो उतार जेमतेम तीन फुटांचा असतो. गाडीला इंजिन आहे, मला दोन हात आहेत. व्हीलचेअरच्या रॅम्पचं माप एकास बारा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला अठरा फूट. सरकारी इमारतीतही रॅम्प म्हणून बहुतेक वेळा तो मोटारसायकलचाच उतार भेटतो, आणि त्यावर मोटारसायकली लावलेल्या असतात.

चुलतभाऊ सध्या चोपड्यात घर बांधतोय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी तिथेच उतरावं असा वहिनीचा हट्ट आहे. मी मापं पाठवली तेव्हा गवंडी म्हणाला, "ताई, अठरा फुटात सगळं अंगण जाईल." मग व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघांनी जागा शोधली. आता रॅम्प घराच्या बाजूने मागे जाईल, मध्ये खुर्ची वळवायला पाच फुटांची सपाट जागा सोडून, मग पुन्हा चढ. कडेला दोन्हीकडून धरायला पाइप.

अडलंय न्हाणीघराशी. दार दोन फुटांचं धरलंय, म्हणजे २४ इंच, आणि माझी खुर्ची २५ इंच रुंद. त्या एका इंचापायी आजवर किती घरांत मी दिवसभर पाणी न पिता बसले आहे. तीन फुटांचं दार, बाहेर उघडणारं, एवढं मी लिहून दिलंय. तुमच्या घरी बांधकाम चालू असेल तर चौकट बसायच्या आधी गवंड्याला हे सांगा. नंतर भिंत फोडावी लागते.