गळ्याच्या उंचीवरची तार

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इंडियन सिग्नल कोअरमध्ये डिस्पॅच रायडर होते. फौजेच्या भाषेत डी.आर. एका मुख्यालयातून मोहोरबंद पाकीट घ्यायचे, मोटारसायकलवरून दुसऱ्या मुख्यालयात पोहोचवायचे, वेळ घालून सही घ्यायची आणि परतायचे, एवढेच त्या कामाचे वर्णन कागदोपत्री करता येते. ठाण्यातल्या चरईच्या चाळीत त्यांच्याजवळ बसून जे ऐकले, आणि पुढे त्या युद्धाविषयी जे वाचले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की या माणसांचा पहिला शत्रू जर्मन सैनिक नव्हता, रस्ता होता.

वायरलेस असताना कागद हाती का पाठवायचा, हा प्रश्न मी लहानपणी त्यांना विचारला होता. त्यांचे उत्तर शिक्षकासारखे मुद्देसूद असे. वायरलेसवरचे बोलणे शत्रूही ऐकतो, म्हणून मोठ्या हल्ल्याच्या आधी संच मुद्दाम मुके ठेवले जात. टेलिफोनच्या तारा जमिनीवरून ओढलेल्या असत. त्या तोफगोळ्यांनी तुटत आणि कित्येकदा आपल्याच रणगाड्यांच्या पट्ट्यांखाली सापडत. शिवाय नकाशा किंवा विमानातून काढलेले छायाचित्र त्या काळी मोर्चावर वायरलेसने धाडता येत नसे. खुद्द इंग्लंडमध्येही जर्मनांचे संदेश टिपून घेणाऱ्या ठाण्यांवरचे कागद ब्लेचली पार्क या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या केंद्राला मोटारसायकलवरून जात, आणि तिथल्या स्वारांत नौदलाच्या महिला दलातल्या मुलीही होत्या. हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. आजोबांना ऐकून आनंद झाला असता.

त्यांचे प्रशिक्षण जबलपूरला झाले. गावात सायकलसुद्धा धड न चालवलेल्या मुलाच्या हाती तिथे ५०० सीसीची, दीडशे किलोंहून अधिक वजनाची बीएसए एम-२० आली. ब्रिटिश फौजांसाठी या गाड्या सव्वा लाखाच्या आसपास बांधल्या गेल्या. ती सुरू करणे हीच एक विद्या होती. हँडलवरच्या लहान दांडीने इग्निशनची वेळ थोडी मागे घ्यायची, नाहीतर किक उलटून नडगीवर बसे. मग दुसऱ्या दांडीने एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उचलून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि अंगाचे सगळे वजन टाकून एकच किक मारायची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. वडिलांनी सत्तरच्या दशकात जुनी बुलेट घेतली तेव्हा तिचीही रचना तशीच होती, आणि इतक्या वर्षांनी गाडीवर बसलेल्या आजोबांना पायांकडे एकदाही पाहावे लागले नाही.

आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर ते १९४३ मध्ये इटलीत उतरले. सप्टेंबरमध्ये तारांतोचे बंदर, नोव्हेंबरात सांग्रो नदी. त्या नोव्हेंबरात पावसाने सांग्रोला पूर आला, इंजिनिअरांनी बांधलेले पूल वाहून गेले आणि दोन्ही काठांवर चिखलच चिखल झाला. मोटारसायकल अशा चिखलात अडकली की पुढचे मडगार्ड आणि चाक यांमध्ये माती घट्ट बसते आणि चाक फिरतच नाही. मग बोटांनी किंवा सापडेल त्या काटकीने ती खरवडायची, चार पावले ढकलायची, पुन्हा खरवडायची. आणि तेही जमेना तेव्हा गाडी कडेला टाकून पाकीट छातीशी घेऊन पायी निघायचे. गाडी सोडली तरी चालेल, पाकीट सोडायचे नाही, हा नियम होता.

बहुतेक फेऱ्या रात्रीच्या असत. पुढच्या दिव्यावर झाकण असे आणि त्यातल्या फटीतून पुढच्या काही हातांपुरताच उजेड पडे. आघाडीजवळ तोही बंद. समोरून रसदीच्या ट्रकांची रांग, तीही बिनदिव्यांची. तोफगोळ्यांचे खड्डे सकाळी एका जागी, संध्याकाळी दुसऱ्या जागी. या सगळ्यापेक्षा आजोबांच्या मनात घर करून राहिली ती तार. माघार घेणारे जर्मन रस्त्याच्या दोन बाजूंच्या झाडांना बारीक पोलादी तार गळ्याच्या उंचीवर ताणून ठेवत. उघड्या जीपमधल्या माणसांचे गळे त्या तारेने कापले जाऊ लागले, तेव्हा जीपच्या पुढच्या बाजूला तार तोडण्यासाठी उभी लोखंडी पट्टी बसवण्यात आली. मोटारसायकलवर आजोबांना तसे काही मिळाले नव्हते. ते टाकीवर छाती टेकून, हनुवटी खाली घेऊन चालवत. ओळखीच्या एका स्वाराबद्दल ते अर्धेच वाक्य बोलत आणि थांबत; मीही पुढचे कधी विचारले नाही.

रस्ता माणसे मारतो हे फौजेला पटवून द्यायला एक डॉक्टर लागला. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९४१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत एकट्या ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मिळून २२७९ जण मेले होते. त्यांनी पाहिलेल्या जखमींपैकी फक्त सात जणांच्या डोक्यावर हेल्मेट होते आणि ते सातही वाचले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांसाठी तो कायदा व्हायला १९७३ उजाडले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम आहे. आज माजिवड्याच्या सिग्नलला हेल्मेट कोपरात अडकवून उभी असलेली मुले पाहिली की मला त्या २२७९ जणांची आठवण होते आणि जीव तळमळतो.

युद्ध संपल्यावर लाखो जवानांबरोबर आजोबांनाही घरी पाठवण्यात आले. जून १९४८ मध्ये पहिली एस.टी. धावली, त्यानंतर काही काळाने ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये लागले आणि निवृत्त होईपर्यंत इंजिनांतच राहिले. गाडी चालवण्याची नोकरी मिळत असूनही त्यांनी ती घेतली नाही. उजव्या कानाने कमी ऐकू येई, थंडीत मनगटे धरत. पण सवयी फौजेच्याच राहिल्या. शेजाऱ्याने दिलेली चिठ्ठी पोहोचवायची असली तरी ती दुमडलेलीच खिशात जाई आणि आल्यावर किती वाजता, कोणाच्या हाती दिली हे सांगितल्याशिवाय ते चहाला हात लावत नसत. पाकिटांत काय असायचे, असे कोणी विचारले तर म्हणत, “ते माझं काम नव्हतं.” वडिलांना बुलेटची किल्ली त्यांनी हेल्मेट घरात आल्यावरच दिली. त्या काळी ठाण्यात हेल्मेट घालणारा माणूस वळून पाहण्याचा विषय होता, तरी त्यांनी माघार घेतली नाही.

दहीहंडीच्या दिवसांत गल्लीत दोर बांधले जात, तेव्हा ते स्वतः जाऊन दोर पुरेसा उंच आहे ना, हे पाहून येत. संक्रांतीला तर ते वडिलांना गाडी बाहेरच काढू देत नसत. घरात याला आजोबांचा हट्ट समजले जाई. त्यांच्या पश्चात नायलॉनचा मांजा आला, त्याने दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या दर जानेवारीत येऊ लागल्या आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. गुजरातेत त्या दिवसांत स्कूटरच्या हँडलवर तारेची उभी कमान बसवतात. तिचे काम जीपच्या त्या लोखंडी पट्टीचेच आहे. बंदी असूनही मांजा विकला जातो, आणि घोडबंदर रस्त्याच्या उड्डाणपुलांवर माझी मुलगी स्कूटर चालवते. संक्रांतीच्या आठवड्यात मी तिला लोकलने पाठवतो.

युद्धाच्या इतिहासात हुकूम देणाऱ्यांची नावे असतात आणि तो पार पाडणाऱ्यांचीही असतात. हुकूम नेऊन देणारा क्वचितच सापडतो. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. ते मराठा पलटणीत कंपनीचे रनर होते, म्हणजे पायी निरोप नेणारे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ठाणे, कळवा, पनवेल, उरण या भागांत अजूनही अनेक घरांत त्या काळची पदके डब्यांत पडून आहेत. ब्रिटिश सैनिकांच्या स्टार पदकांवर नाव नसे, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर ते कोरून दिलेले असे. पदक उलटून मागची बाजू भिंगाखाली पाहावी. सैनिकाचा नंबर, नाव आणि कोअर किंवा पलटण तिथे वाचता येते, आणि कागद हरवले असतील तर शोध घ्यायला तेवढ्यावरून सुरुवात करता येते.