तुम्ही विचारलंत म्हणून: ह्यांना जहाजावर ठेवून मी उतरले

"पार्किन्सनच्या पेशंटला परक्या देशात, भर समुद्रात एकटं ठेवून तू फिरायला गेलीसच कशी?" जाऊबाईंनी विचारलं, सोसायटीत विचारलं, ह्यांच्या बहिणीने फोनवर विचारलं. दरवेळी "थोडाच वेळ गेले होते" म्हणून मी विषय मिटवला. आज नीट सांगते.

क्रूझ निवडली कारण रोज नवं हॉटेल, नवे जिने, नवं बाथरूम आता आम्हाला झेपत नाही. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत, या फेरीत खोली तीच राहते, गावं बदलतात. रुंद दाराच्या, बाथरूमला उंबरठा नसलेल्या खोल्या जहाजावर मोजक्याच असतात, म्हणून बुकिंग फार आधी केलं. तरीही बाथरूमच्या दाराशी मी घरच्यासारख्या रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. ह्यांचे पाय दारात अडतात. समोर आडवी रेघ दिसली की ती ओलांडायला पाऊल उचलतं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, पण गोळ्या ठरल्या अंतरानेच लागतात. मी माझं घड्याळ बदललंच नाही.

पेनांगला जहाज धक्क्याला लागलं, व्हीलचेअर सरळ खाली उतरली, जॉर्जटाउन पाहून झालं. फुकेतला मात्र ते पातोंगसमोर नांगर टाकून उभं राहिलं. किनाऱ्यावर न्यायला छोट्या होड्या, टेंडर. जहाजाच्या कडेला खाली एक दार उघडतं, तिथून होडीत पाऊल टाकायचं. होडी लाटेबरोबर वर-खाली होत होती. आमचा नंबर आला आणि ह्यांचे पाय थिजले. मी "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लागले. घरी त्याने जमतं. इथे पाऊल हललं नाही. मागे रांग वाढत होती. खलाशी शांतपणे म्हणाला, स्वतःच्या पायांनी ओलांडता येत नसेल तर नेता येणार नाही. मी म्हटलं, दोघं मिळून उचला. त्याने मान हलवली. त्याचं बरोबर होतं, तेव्हाही मला कळत होतं. तरी मी आवाज चढवला, कारण किनारा समोर दिसत होता आणि तिथे जायचं होतं मला. ह्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

हे म्हणाले, "तू जा." आवाज हल्ली इतका बारीक झालाय की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल.

मी ह्यांना खोलीत नेलं. पुढची गोळी, झाकणाचा पेला, फोन हाताशी ठेवला, रिसेप्शनला सांगितलं. जहाजावर डॉक्टर असतात, नर्स असतात. सोबत बसायला माणूस मिळत नाही. "आग लागली असती तर?" हेही विचारलंत. 2012 साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडल्यापासून बंदर सोडण्याआधीच सुरक्षेची कवायत होते. तिथे मी आमचा खोली क्रमांक लिहून दिला होता, ह्यांना खुर्चीतून उतरवायला कोण येईल ते विचारून घेतलं होतं. तुमच्यापैकी किती जणांनी घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एवढं विचारून ठेवलंय?

किनाऱ्यावर मी नुसती चालले. माझ्या चालीने, भरभर, कुणाच्या पावलांकडे न बघता. जीव थाऱ्यावर नव्हता असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मला आनंद झाला.

पूर्वीची मी असते तर मीच तुमच्या बाजूने बोलले असते. ती अजून भांडते माझ्याशी. म्हणते, गोळी हातातून पडली असती तर? मी म्हणते, रोज गोळ्या देणारी मीच आजारी पडले तर? तिला ते पटत नाही, आणि मलाही तिला गप्प करता येत नाही.

परतीच्या टेंडरला रांग होती, गोळीची वेळ टळली. खोलीत पोचले तर गोळी घेतलेली होती, शर्टावर पाणी सांडलेलं. हे म्हणाले, "आज इतक्या वेळात 'बाथरूमला जायचंय का' असं कुणी विचारलं नाही." हसतही होते. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील, हा संशय अजून जात नाही. विचारलं तर विषय बदलतात.

पुढच्या खेपेला जहाज धक्क्याला लागणारीच बंदरं बघणार आहे. मध्ये एखादं टेंडरचं निघालं आणि हे पुन्हा "तू जा" म्हणाले, तर जाईन की नाही, ते आज सांगता येत नाही.