एका शब्दासाठी गेलेले चार दिवस

आईच्या लिव्हरमधली गाठ आम्हाला आठ वर्षांपासून माहीत होती. तिच्या माहेरी मेंढरं आणि राखणीची कुत्री. कुत्र्याच्या विष्ठेतून जंताची अंडी पोटात जाऊन होते तीच ही हायडॅटिड. त्रास नव्हता, विषय मागे पडला. मागच्या भाद्रपदात तिला हुडहुडी भरून ताप आला आणि डोळे पिवळे झाले. सोनोग्राफीत गाठ नऊ सेंटिमीटरची, आत सुटून तरंगणारा पडदा, पित्तनळी फुगलेली. गाठ नळीत फुटली असावी, हे नक्की करायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्या दाखवणारा खास एमआरआय, सांगितली.

तिथं घोडं अडलं. चिठ्ठीवर नुसतं 'पोटाचा एमआरआय' होतं. पाच दिवसांनी नंबर लागला, आई सकाळपासून उपाशी, आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला, "यात एमआरसीपी कुठंय? बदलून आणा." वॉर्डात धावलो तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. सही मिळेपर्यंत त्या दिवसाची यादी संपली. पुढची तारीख चार दिवसांनी. आई बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. "राहू दे रे, घरी जाऊ," म्हणाली. नळी तुंबलेल्या, ताप असलेल्या माणसाला एका शब्दापायी चार दिवस थांबवायचं? अँटिबायोटिक चालू होती म्हणून निभावलं. चिठ्ठी हातात पडली की तिथंच वाचा, डॉक्टर समोर असतानाच.

मशीनमध्ये अर्धा तास, "आजी, श्वास धरा" एवढंच. जोडवी मात्र घरीच काढा. आईची साबण लावून निघाली. पेसमेकर असेल तर आधीच सांगा.

रिपोर्टमध्ये गाठीची भिंत पित्तनळीत उघडलेली आणि नळीत पडद्याचे तुकडे स्पष्ट दिसले. सीटीवर गाठीचा चुन्यासारखा कडक भाग छान कळला होता, नळीचं नक्की कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोंडातून दुर्बीण घालून तुकडे काढले. द्राक्षाच्या सालींसारखे दिसत होते. आठवड्यात डोळे निवळले. मग अल्बेंडाझोल हे जंतावरचं औषध आणि ऑपरेशन.

हो, मधे एकांनी सुईनं पाणी काढून टाका असं सुचवलं होतं. तयारीशिवाय हे कुणालाही करू देऊ नका. ते पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

आणि फिल्मसोबत सीडी मागाच. सर्जननी सीडी लावली, शेजारी आठ वर्षांपूर्वीची सोनोग्राफी ठेवली. तीत पडदा अजून भिंतीलाच चिकटलेला होता. तो कागद आईनं तांदळाच्या डब्यामागे जपला होता.