नागपुरात वाइन चाखायची तर आधी थर्मामीटर

आम्ही आठ जण, बाटल्या पाच: दोन स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन), तीन लाल. ७५० मिलीच्या बाटलीतून प्रत्येकी ५० मिली ओतली की ४०० मिली संपते. उरलेली नंतर जेवणाबरोबर.

नाशिकहून स्वस्तात आणू, असं मनात येतंच. पण समृद्धीने या की रेल्वेने, मध्ये वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे दारूबंदी आहे. म्हणून खरेदी नागपुरातच केली. दुकानात काचेजवळ, उन्हात उभी असलेली बाटली घेतली नाही. बूच वर आलेलं किंवा कडेने चिकट ओघळ असेल, तर ती वाइन उन्हाने शिजलीच समजा.

स्पार्कलिंगमध्ये सुला ब्रूट आणि इटलीची प्रोसेको मुद्दाम जोडीने ठेवली. पहिलीत बुडबुडे आणणारं दुसरं किण्वन बाटलीतच होतं, म्हणून पावासारखा, यीस्टचा वास येतो; प्रोसेकोत ते टाकीत होतं, म्हणून तिथे पेअर, सफरचंद पुढे. 'ब्रूट' म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर. 'एक्स्ट्रा ड्राय' नाव असूनही ब्रूटपेक्षा गोड, इथे हमखास फसगत होते.

पुस्तकात लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्या म्हणतात. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंख्याखालीही ३२-३३ असतं. त्या तापमानाला शिराझमध्ये (लाल वाइनच्या द्राक्षाची एक जात) फळ कमी आणि अल्कोहोलची झणझणच जास्त येते. अर्धा बर्फ, अर्धं पाणी असलेल्या बादलीत लाल बाटली ८-१० मिनिटं, स्पार्कलिंग अर्धा तास (६ ते ८ अंश). नुसता बर्फ नको. खड्यांमधल्या हवेमुळे बाटली थंड व्हायला उशीर लागतो. फ्रीजमध्ये हेच लालला दीड तास, स्पार्कलिंगला तीन. स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवून पाहिला, अंदाजावर राहिलो नाही.

कूलर बंद ठेवला. वाळ्याचा वास सुंदर, पण तो वाइनला नाक लावू देत नाही. उदबत्ती, अत्तर तसंच. एसीची खोली बरी.

स्पार्कलिंगचं बूच उडवायचं नाही. आत ५-६ वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बुचावरची तार सहा अर्ध्या वळशांत सैल होते. त्या क्षणापासून अंगठा बुचावर. बाटली ४५ अंशांत कलती धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. 'फुस्स' एवढाच आवाज हवा. फेस बाहेर आला तर बाटली गरम होती किंवा हलली होती. ग्लासात बुडबुडेच दिसत नसतील तर वाइनला बोल लावू नका: साबणाचा थर राहिलेला असतो. ग्लास गरम पाण्याने धुऊन पालथे वाळवा.

क्रम हलक्याकडून जडाकडे: दोन्ही स्पार्कलिंग, मग अकलूजकडची सांजोव्हेझे, मग नंदी हिल्सची कॅबर्ने-शिराझ, शेवटी दिंडोरीचा शिराझ. तो कोवळा असल्याने काचेच्या भांड्यात ४० मिनिटं आधी ओतून ठेवला. उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, ग्लास फिरवला की बहुधा जातो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मात्र जात नाही. ती बाटली परत करा.

खाण्यात सांबारवडी (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर) आणि ब्रूट ही जोडी सगळ्यात जमली. तेल आणि आंबटपणा एकमेकांना सांभाळतात. सावजी रस्सा लाल वाइनबरोबर ठेवणं ही चूक: तिखटावर टॅनिन (लाल वाइनमधला तुरटपणा) आणि अल्कोहोल पडले की जिभेची आग वाढते. त्याला थंडगार, जराशी गोड स्पार्कलिंग द्या. संत्रा बर्फीही शेवटीच. आधी खाल्ली तर ब्रूट नुसती आंबट लागते.

उरलेल्या स्पार्कलिंगला तिचं खास झाकण लावलं तर एक-दोन दिवस टिकते. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवल्याने काही होत नाही. लाल वाइन बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. पिण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढायची, मे महिन्यात दहाच.