काहानचा नकाशा

नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे आले. माजी सैनिकांच्या स्मरणिकेसाठी त्यांना बलुचिस्तानातल्या काहानचा नकाशा हवा होता. ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनचे, म्हणजे ‘काळी पाचवी’चे. १८४० साली ही पलटण मुंबई फौजेतली पाचवी होती. काहान तिचा युद्धसन्मान. तयार मजकूर त्यांनी सोबतच आणला होता: गड, वेढा, शौर्य.

मजकूर खोटा नव्हता, पण नकाशावर रेघ ओढायची म्हटलं की कोण कुठून कुठे आणि कशासाठी गेलं, हे विचारावंच लागतं. इंग्रजांची अफगाणिस्तानातली फौज बोलन खिंडीतून येणाऱ्या रसदेवर जगत होती. डोंगरातली मर्री ही बलुच टोळी त्या वाटेवर हल्ले करी, म्हणून काहान हे त्यांचं मुख्य ठाणंच ताब्यात घ्यायचं ठरलं. मे महिन्यात कॅप्टन लुईस ब्राउन ही पलटण घेऊन मैदानातल्या पुलाजीहून निघाला आणि सरताफ व नफुस्क हे दोन घाट ओलांडून काहानला पोचला. गाव ओस पडलेलं होतं. मर्री घरदार सोडून डोंगरात गेले होते.

मी सुभेदारांसमोरच पेन्सिलने रेघा ओढत होते. उंटांचा तांडा घेऊन माघारी निघालेला लेफ्टनंट क्लार्क सरताफवर मारला गेला, तिथे पहिली फुली. ३१ ऑगस्टला मेजर क्लिबॉर्न काहानमध्ये मर्रींनी कोंडलेल्या ब्राउनच्या सुटकेसाठी आला, त्याची नफुस्कवर दाणादाण उडाली. पाणी नव्हतं, माणसं तहानेनेही मेली. तिथे दुसरी फुली. काहान तिथून काही मैलांवर, आणि गडात शिपाई वाट बघत बसलेले, अनेकांच्या अंगावरचे फोड चिघळलेले. मुंबई फौजेत तेव्हा कोकण-देशावरचे मराठे, महार, उत्तर हिंदुस्थानातून आलेले, ज्यांना ‘परदेशी’ म्हणत, असे सगळे होते.

“मग हे सुटले कसे?” सुभेदारांनी विचारलं. स्मरणिकेच्या मजकुरात ते नव्हतंच.

सुटले ते मर्री सरदार दोदा खानाच्या शब्दावर. ब्राउनने काहान सोडायचं आणि दोदा खानाने त्यांना मैदानापर्यंत सुखरूप जाऊ द्यायचं, असा करार झाला. २८ सप्टेंबरला ते तोफेसकट निघाले. वाटेत नफुस्कवर त्यांना आपल्याच माणसांची प्रेतं दिसली. पण दोदा खानाने शब्द पाळला. ज्याच्या गावात परकी पलटण चार महिन्यांहून अधिक ठाण मांडून बसली होती, त्याने पाळला. मला ब्राउनच्या चिवटपणाइतकंच हेही मोठं वाटतं, आणि मी सुभेदारांना तसं स्पष्ट सांगितलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, आम्ही दरवर्षी हे नाव घेतो. समोरचा माणूस कोण होता, हे कुणी सांगितलंच नाही.” पुढे मर्रींचं काय झालं, तेही त्यांना ऐकायचं होतं. मी थोडक्यात सांगितलं: सँडेमन या इंग्रज अधिकाऱ्याने सरदारांना पगार आणि लेव्ही, म्हणजे टोळीतल्याच माणसांची पगारी दलं, देऊन बांधून घेतलं, १८७६ साली कलातचा खान आणि बलुच सरदार यांच्यात मस्तुंगचा करार झाला, तरी पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शिपाई मागितले तेव्हा मर्रींनी नकार दिला आणि फेब्रुवारी १९१८मध्ये इंग्रजांच्या गुंबझच्या ठाण्यावर हल्ला केला. “फौजेत जायला नकार,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या घरातली तिसरी पिढी फौजेत आहे.

नकाशाच्या सूचीत मी ‘शत्रूचा प्रदेश’ असं लिहिलं नाही, ‘मर्री मुलूख’ लिहिलं. परतीची वाट वेगळ्या रंगात दाखवली. दोदा खानाचं नाव ब्राउनच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत हवं, असं सुभेदारांनी स्वतःहून सांगितलं आणि स्मरणिकेच्या मजकुरात दोन परिच्छेद वाढवायला तिथूनच संपादकांना फोन लावला.